शोकाकुलांची पट्टी

आमच्या भागात माणूस मेला की दोन ठिकाणी निरोप जातो. एक भावकीत आणि दुसरा फ्लेक्सच्या दुकानात. मी त्या दुसऱ्या ठिकाणी कामाला आहे. त्यामुळं धाराशिवपासून बेंबळीपर्यंतच्या गावांत कोण गेलं, हे मला कधीकधी मयताच्या पाव्हण्यांच्या आधी कळतं.

मयताचा फ्लेक्स करायला फार डोकं लागत नाही. साचा तयार असतो. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', दोन कोपऱ्यांत दोन समया, मध्ये पिवळ्या उजेडाचं वलय आणि त्या वलयात माणूस. फोटो बहुतेक वेळा आधार कार्डावरचा येतो. त्यात माणूस आधीच निम्मा गेल्यासारखा दिसतो. मग त्याचं फक्त डोकं कापून घ्यायचं आणि धडावर बसवायचं. धडं कॉम्प्युटरात तयार आहेत. काळा कोट, निळा कोट, जाकीट, बायांसाठी जरीच्या काठाच्या साड्या. जन्मभर बंडीवर राहिलेली कितीतरी माणसं माझ्या हातानं कोट घालून वर गेली आहेत. खाली दहाव्याची आणि तेराव्याची तारीख, आणि त्याच्याखाली 'शोकाकुल' लिहून फोटोंच्या ओळी. पुढारी सगळ्यांच्या वर. मग सरपंच, मग सोसायटीचे चेअरमन, मग भावकी, मग मित्रमंडळ. मेलेला एक आणि शोकाकुल चाळीस-पन्नास. त्यातला एखादा हमखास गॉगल लावून शोक करत असतो.

हे काम मी नीट करते. पण मी शिकले ते हे नव्हे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. हे मी लाजून सांगत नाही आणि सहानुभूती पाहिजे म्हणूनही सांगत नाही. आहे ते आहे. इतिहास घेऊन बी.ए. झाले, मग चित्रकलेची पदविका केली, मग शिक्षकाची जागा निघेल म्हणून वाट बघितली. जागा निघाली नाही. धाराशिवला खोली घेऊन दुकानात बसले. दुकानाचे मालक मला मॅडम म्हणतात, त्यात निम्मा मान आणि निम्मी चेष्टा असते. दोन्ही मी घेते.

कॉलेजच्या ग्रंथालयात सगळ्यात खालच्या फळीवर एक जाडजूड पुस्तक होतं. कुणीतरी कधीतरी भेट दिलेलं. आत जाहिरातींची जुनी पोस्टरं होती, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची, बरीचशी पॅरिसमधली. चहा, बिस्किटं, सायकली, दिव्याचं तेल, नाचगाण्याचे जलसे. पुस्तक कधीतरी भिजलेलं होतं, शेवटची पानं एकमेकांना चिकटून पार फळी झाली होती. कुणी ते घरी नेत नव्हतं. मी नेलं, परत केलं, पुन्हा नेलं, असं तीन वर्षं चाललं.

ती पोस्टरं दगडावरून छापायचे. गुळगुळीत घासलेला चुनखडीचा दगड, त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, तेही उलटं. मग दगड पाण्यानं ओला करायचा आणि वर शाई फिरवायची. पाण्याच्या जागी शाई बसत नाही, तेलकट रेघेवर बसते. एका रंगाला एक दगड. पिवळ्याचा वेगळा, तांबड्याचा वेगळा, काळ्याचा वेगळा. प्रत्येक वेळी कागद तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर बाईचे ओठ गालावर येतात. आणि छपाई उरकली की तो दगड घासून कोरा करायचे आणि त्यावर दुसऱ्या मालाची जाहिरात काढायचे. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. एवढं चित्र काढायचं आणि मूळ ठेवायचंच नाही.

रस्त्यानं घाईत चाललेल्या माणसाला लांबून, एका नजरेत कळलं पाहिजे, हे त्या पोस्टरांचं काम. म्हणून एकच माणूस मोठा काढायचा. काळी जाड रेघ. सपाट रंग. अक्षरं थोडी. आणि मोकळी जागा मोकळीच सोडायची. ही मोकळी जागा मला सगळ्यात आवडायची. आमच्याकडं मोकळी जागा म्हणजे कुणाचा तरी फोटो राहिला असं समजतात.

त्याच काळात आमच्या मुलखातल्या भिंतींवर काय लागत होतं हे मी शोधलं. तेव्हा इथं निजामाचं राज्य. मुंबईकडं दगडावरून देवांची रंगीत चित्रं निघायची, ती घरोघरी गेली, एवढं पुस्तकांत आहे. पण इथल्या एखाद्या बाजाराच्या गावात, एखाद्या वेशीवर, कुणी काय चिकटवलं, त्याचं मला काही सापडलं नाही. चिकटवणाऱ्यांचं कुणी लिहून ठेवत नाही.

मला हे खूळ कुठून लागलं ते सांगायला अवघड नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, पोस्टरं चिकटवायचे. धाराशिवच्या एका थेटरात होते. दर शुक्रवारी सिनेमा बदलायचा, त्याच्या आदल्या दिवशी ते सायकलला शिडी बांधून, हँडलला खळीची बादली अडकवून निघायचे. येडशीच्या स्टेशनबाहेरची भिंत, बेंबळीचा बाजार, नवरात्रात तुळजापूर. मैद्याची खळ आई चुलीवर शिजवायची. त्यात मोरचूद टाकायचे, नाहीतर गाई पोस्टर चाटून खायच्या. तरी खायच्याच. आण्णा रात्री जेवताना सांगायचे, "आज एका म्हशीनं हिरोचं तोंड खाल्लं. हिरॉइनीला हात लावला न्हाय. बाईमाणूस म्हणून सोडली आसंल."

उरलेली पोस्टरं घरात. आमच्या फडताळाला, पत्र्याच्या पेटीला, वह्यापुस्तकांना, सगळ्याला पोस्टरं. उन्हाचा ताव कमी व्हावा म्हणून पत्र्याखालीही लावलेली. मी उताणी झोपायची तेव्हा वर कुणीतरी कुणावरतरी पिस्तूल रोखून उभा असायचा. पुढं थेटर बंद पडलं, त्याचं मंगल कार्यालय झालं. आण्णा तुळजापूरच्या एका लॉजवर रखवालदार झाले. बादली घरी राहिली. तिच्या तळाला खळीचा थर वाळून दगड झाला होता. आई तिच्यात कोंबड्यांना दाणे ठेवायची.

ते भिजलेलं पुस्तक मी एकदा आण्णांना दाखवलं होतं. ते ओसरीवर बसून पानं उलटत होते. एका पोस्टरापाशी थांबले. अंधारात एक बाई, तोंडावर पिवळा उजेड.

"ही कशाची जाहिरात हाय?"

"दिव्याच्या तेलाची."

"मंग तेल कुठंय?"

"काढलं न्हाय. तिच्या तोंडावर उजेड पडलाय, तेवढंच."

त्यांनी पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं. "हुशार हाय बेटा," म्हणाले. कोण हुशार ते सांगितलं नाही. मग सगळी पानं उलटून झाल्यावर विचारलं, "भिंतीला लावणाऱ्याचं चित्र न्हाय का गं ह्यात कुठं?"

मी पुन्हा बघितलं. नव्हतं. चिकटलेल्या पानांत असेल तर माहीत नाही, ती मला कधी उघडता आली नाहीत.

"न्हाय, आण्णा."

"आसू दे. त्येला कोण बगतंय."

पोळ्यानंतर थोड्या दिवसांनी आण्णा गेले. छातीत कळ आली, गावातल्या जीपमधून धाराशिवला नेताना वाटेतच संपलं. मला भाऊ नाही. अग्नी तात्यांच्या मुलानं दिला. तात्या म्हणजे आण्णांचे थोरले चुलतभाऊ, आमच्या भावकीत त्यांचा शब्द चालतो. राख सावडून आल्यावर तेच म्हणाले, "फ्लेक्स तूच कर पोरी. तुझ्या हातातलंच काम हाय. नावं अन् फोटू म्या मोबाइलवर धाडतो."

मी हो म्हणाले.

दुकानात बसून आण्णांचा फोटो उघडला. आधार कार्डावरचाच होता, दुसरा होता कुठं? सवयीनं डोकं कापून घेतलं. धडांचा फोल्डर उघडला. निळा कोट पुढं आला. मी तो बंद केला.

मग कागद घेतला आणि हातानं काढायला बसले. आण्णा पाठमोरे, तोंड निम्मं वळलेलं, भिंतीशी उभे. डावा हात कागदावर दाबलेला, उजवा हात वर, त्यात ब्रश. पायाशी बादली. बाजूला शिडी बांधलेली सायकल. भिंत सगळी पिवळी, एकसारखी पिवळी, तिच्यावर काही नाही. आणि ते जो कागद चिकटवतायत त्यावर त्यांचंच नाव, दहाव्याची आणि तेराव्याची तारीख. बस. काळी रेघ जाड ठेवली. बंडीला पांढरा, धोतराला पांढरा, बादलीला निळा. रंग मोजके. हे त्या दगडावरच्या लोकांकडून मी घेतलं आणि ते मी कुणापासून लपवत नाही.

मालक मागं येऊन उभे राहिले. "मॅडम, शोकाकुल कुठंय?"

"न्हाय टाकणार."

"न्हाय म्हंजे?"

"जागा न्हाय."

"एवढं पिवळं रान मोकळं सोडलंय, अन् जागा न्हाय म्हणता?"

मी कागद उचलून स्कॅनरवर ठेवला. त्यांनी स्वतःच मशीन चालू केलं. छपाई होत होती तेव्हा ते फ्लेक्सजवळ उभे होते. बादली छापून बाहेर आली तशी म्हणाले, "माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत हेच यायचे." मग गिऱ्हाईक आलं, ते तिकडं गेले.

गावच्या चौकात बसच्या निवाऱ्याशेजारी लोखंडी चौकट आहे, तिला तो बांधला. बांधून झाल्यावर मी पुलापर्यंत चालत गेले आणि वळून बघितलं. पुलावरून दिसत होतं. शेजारी वाढदिवसाचे दोन फ्लेक्स होते, त्यांतलं एकही तोंड ओळखू येत नव्हतं, नुसता रंगाचा काला. आण्णा दिसत होते. हात वर केलेला, ब्रश, कागद. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची तोंडं भिंतीला लावली आणि आज ते एकटे, सगळ्यांपेक्षा मोठे, चौकात उभे होते. ते काम चांगलं झालं होतं. माझ्या कामाबद्दल मी खोटं बोलत नाही, वाईट असतं तर वाईट म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातला चहावाला घरी आला. दारातच घुटमळला. सुतकाच्या घरी हसू नये म्हणून त्यानं तोंड आवळून धरलं होतं.

"ताई, एक इचारू का? राग मानू नका. पलीकडच्या गावचा एक जण इचारत हुता, ह्यो पेंटर कुठं ऱ्हातो म्हणून. त्येला घराला रंग द्यायचाय."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली.

"मंग? तू काय सांगितलं?"

"म्या म्हणलं, ते वारले की. तर म्हणतो, मंग त्येंच्या पोराचा नंबर द्या."

आई हसली. आण्णा गेल्यापासून पहिल्यांदा हसली आणि हसता हसताच तिनं पदर तोंडाला लावला. तो पलीकडच्या गावचा माणूस एकटाच असं समजला नव्हता. जाणाऱ्या-येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ती रंगाच्या कंपनीची जाहिरात वाटली होती. समई नाही, वलय नाही, हात जोडलेला पुढारी नाही. माणूस मेलाय हे कळायचं कशावरून? वाढदिवस असो की मयत, आमच्या लोकांना आधी खालच्या ओळीतले फोटो बघून कळतं, घर कुणाचं आहे ते. आण्णांच्या खाली कुणीच नव्हतं.

दुपारी तात्या आले. बरोबर भावकीतले आणखी दोघं-तिघं. ओसरीवर बसले. पाणी दिलं, ते कुणी घेतलं नाही. पाणी घेतलं नाही तेव्हाच आईच्या लक्षात आलं.

"पोरी," तात्या म्हणाले, "चौकात तू काय लावलंस?"

"आण्णांचा फ्लेक्स, तात्या."

"शोकाकुल म्हणून एक बी नाव न्हाय. म्हंजे आमी बी मेलो काय?"

"तसं न्हाय तात्या. चित्र तसं आहे. एकच माणूस..."

"एकच माणूस! अगं, त्येला एकट्याला जाळायला आमी चौघं गेलो का न्हाय? खांदा फ्लेक्सनं दिला का?"

दुसरा एक जण म्हणाला, "बाजारात लोक इचारायलेत, भावकीत भांडणं झाली काय म्हणून. म्या काय सांगू? शिकली पोरगी, तिला नावं लिवता येत न्हाईत, आसं सांगू?"

"फोटू धाडले हुते ना म्या?" तात्या म्हणाले. "का आमची तोंडं तुझ्या चित्रात बसण्याजोगी न्हाईत?"

मला सांगायचं होतं. की मोकळी जागा ही कमी नसते. की हा माणूस आयुष्यभर पाठमोरा राहिला, एकदा तरी लोकांनी त्याच्या एकट्याकडं बघावं. पण तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं. ते खोटं नव्हतं. आण्णांबरोबर ते लहानपणी एकाच विहिरीत पोहले होते. त्यांना त्या फ्लेक्सवर आपल्या भावाच्या जवळ उभं राहायचं होतं आणि मी त्यांना बाहेर ठेवलं होतं, असं त्यांच्या बाजूनं दिसत होतं. ते चुकीचं बघत होते असं मी अजूनही म्हणेन. पण खोटं बघत नव्हते.

"बगा," तात्या उठता उठता आईला म्हणाले, "आमाला काय बोलायचं न्हाय. पण जिथं आमचं नाव न्हाय तिथं आमचं पान कशाला? तेराव्याला आमची वाट बगू नका."

आमच्याकडं तेराव्याला भावकी पंगतीला बसते, गोड खाते, तेव्हा सुतक फिटतं. भावकीनं पान घेतलं नाही तर सुतक त्या घरावर बसून राहतं. त्या घरी मग हळदीकुंकवाला कुणी येत नाही, दूध मागायला येत नाही, आजारी पडलं तर विचारायला येत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण असंच आहे.

ते गेल्यावर आईनं न घेतलेलं पाणी अंगणात ओतलं. मग म्हणाली, "तुझं चित्र लई देखणं हाय. खरंच सांगते. म्या काल आंधार पडायच्या आत जाऊन बगून आले. त्येंच्या मानंवर मागं जी वळी पडायची, ती बी तू काढलीस. मला वाटलं, ते बोलत्याल आता."

"मग?"

"मंग काय. तू सांच्याला धाराशिवला जातीस. मला ह्याच गल्लीत ऱ्हायचंय."

मी म्हणाले, "आई, सगळ्यांचे फोटो टाकले तर त्यात आण्णा दिसणार न्हाईत."

"ते आता कुठं दिसणार हाईत, बाई?"

मी चपला घातल्या. 

मी दुकानात जाऊन पट्टी केली. शोकाकुलांची पट्टी, फ्लेक्सच्या रुंदीएवढी. तात्यांनी फोटो पुन्हा धाडले. कुणाचा लग्नातल्या फेट्यातला, कुणाचा ट्रॅक्टरवर बसलेला. तात्यांच्या मुलाचा फोटो गॉगलमधला होता. मी त्याला फोन करून म्हणाले, दुसरा धाड. तो म्हणाला, "ताई, दुसऱ्यात मी काळा दिसतो." गॉगलच ठेवला. मग क्रमावरून भांडण. कोण कुणाच्या आधी, कुणाचा फोटो कडेला गेला, कडेचा म्हणतो मी काय सावत्र आहे का. मी तोंडं इकडून तिकडं सरकवत राहिले. शेवटी तात्यांचा फोन आला, रस्त्यावरून ओळखू यायची नाहीत, जरा मोठी कर. मी मोठी केली. पट्टी बादली झाकून, सायकल झाकून, आण्णांच्या गुडघ्यापर्यंत आली.

मग पुन्हा फोन. पुढारी राहिले. ते दहाव्याला येणार आहेत, त्यांचा फोटो नसला तर बरं दिसत नाही. पुढारी खाली बसत नाहीत, ते वरच लागतात. वर उजव्या कोपऱ्यात आण्णांचा हात होता.

मी दुसरा एक चौकोनी तुकडा छापला.

ते तुकडे मालक दुसऱ्या कुणाकडून चिकटवून घेणार होते. मी म्हणाले, मीच जाते. गम घेतला, फडकं घेतलं, शिडी चहावाल्यानं आणून दिली. ऊन रणरणत होतं, भाद्रपदातलं ऊन आमच्याकडं कातडी सोलतं. खालची पट्टी आधी लावली. मधून सुरू करायचं आणि कडेकडं हात फिरवत न्यायचा, म्हणजे आत हवा राहत नाही. हे आण्णांनी मला कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसून मी ते हजारदा बघितलं होतं, तेवढंच. बादली गेली. सायकलची चाकं गेली. तात्यांचं तोंड बरोबर बादलीवर बसलं.

मग शिडी सरकवून वर चढले. तिथं चित्राचा हात माझ्या तोंडासमोर होता. मी काढलेलीच बोटं, ब्रशाच्या दांड्यावर वळलेली. मी गम लावला आणि पुढाऱ्याचा चौकोन त्यावर दाबला. मधून कडेकडं. एक बुडबुडा राहिला, तो नखानं टोचून बसवला.

आण्णासुद्धा हेच करायचे. गेल्या शुक्रवारच्या हिरोवर या शुक्रवारचा हिरो. मी लहान असताना एकदा विचारलं होतं, खालचं काढून टाकत का नाही? ते म्हणाले होते, "त्येला कशाला तरास द्यायचा. ऱ्हाऊ दे आत." थेटर बंद पडल्यावर बेंबळीच्या बाजारातल्या भिंतीवरून पोस्टरांचा थर निघाला होता, गोधडीएवढा जाड.

खाली उतरून बघितलं. आण्णा गुडघ्यापासून वर राहिले होते. हात मनगटापर्यंत दिसत होता आणि तिथून पुढाऱ्याच्या फोटोत घुसला होता. ब्रश नाही, बादली नाही. भिंतीवर एक पांढरा कागद, एक पाठमोरा माणूस, कुणाला तरी टाटा करणारा.

चहावाला बघत होता. "आता कळतंय," तो म्हणाला. "आता मयताचा वाटतोय."

दहाव्याला पुढारी आले नाहीत. तेराव्याला सगळी भावकी आली. अंगणात पंगत बसली. तात्या पहिल्या पानावर बसले. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं आणि आधी एक घास बाजूला काढून ठेवला. मग बुंदी खाल्ली. आई दारात उभी राहून बघत होती, कोण कोण बसलं ते. सगळे बसले होते. उठल्यावर तात्या माझ्याजवळ आले, तोंड पुसत म्हणाले, "पोरी, चित्र काय वंगाळ नव्हतं. रिकामं हुतं, एवढंच."

फाइल माझ्याजवळ आहे, हातानं काढलेला कागदही आहे. पाहिजे तर उद्या पुन्हा छापता येईल, पट्टीशिवाय. मी छापत नाही. तेरावा होऊन गेला. तो फ्लेक्स आता कुणाला कशाला बोलावणार?

तो चौकातून कधी उतरला मला कळलं नाही. नवरात्र तोंडावर आलं, तुळजापूरला चालत जाणाऱ्यांच्या स्वागताचे फ्लेक्स सुरू झाले आणि दुकानात मान वर करायला सवड नव्हती. एका रविवारी गावी गेले तेव्हा चौकटीवर दुसरंच तोंड होतं, हात जोडून भाविकांचं स्वागत करणारं.

घराकडं जाताना वाटेत तात्यांचं रान लागतं. सोयाबीन काढून, ढीग रचून त्यांनी गंजी घातली होती. मळणीची मशीन मिळाली नव्हती आणि आभाळ भरून आलं होतं. परतीचा पाऊस उभ्या गंजीला मोड आणतो, म्हणून सगळ्या रानात माणसांची पळापळ चालली होती. तात्यांच्या गंजीवर फ्लेक्स टाकलेला होता. पांढरी बाजू वर, छापलेली खाली. चारी बाजूंनी दगड, मधून सुतळी. लांबी-रुंदी बघूनच मी ओळखलं.

तात्या पलीकडून सुतळी ओढत होते. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलीस. तेवढी ती कड दाब जरा. जाडीचा हाय बग तुझा फ्लेक्स. परवाच्या पावसात एक थेंब आत न्हाय गेला."

मी कडेला गेले. वाऱ्यानं तिथला दगड सरकला होता आणि कोपरा फडफडत होता. मी तो उचलून आत बघितलं. पट्टीचा गम उन्हानं सुटला होता, तिचं टोक लोंबत होतं आणि त्याच्यामागं निळी बादली दिसत होती. बादलीला सोयाबीनचा भुसा चिकटला होता. त्याच्या वर आत अंधार होता, तिथलं काही दिसलं नाही.

तात्या थांबले. त्यांनाही आठवलं असावं. सुतळी तशीच हातात धरून म्हणाले, "न्यायचा का तुला? न्यायचा आसंल तर ने. म्या दुसरं काईतरी टाकतो."

दुसरं काही तिथं नव्हतं. येडशीच्या बाजूनं पाऊस येताना दिसत होता, डोंगर झाकला गेला होता.

"नको, तात्या," मी म्हणाले.

कोपरा खाली सोडला, ओढून ताणला आणि त्यावर दगड ठेवला.